दहाचा रंग

नळीतलं पाणी लाल झालं तेव्हा को स्वी तियोंगने पहिला संशय घेतला तो औषधाच्या बाटलीवर. स्वतःवर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती आणि अडुसष्टाव्या वर्षी ती लावून घ्यायचा विचारही नव्हता. दर बुधवारी सकाळची कॉफी झाली की तो दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून काचेच्या बोटभर नळीत पाणी घ्यायचा, त्यात बाटलीतले थेंब आणि चिमूटभर पूड टाकायचा, हलवायचा, खिडकीतल्या पांढऱ्या फरशीवर नळी उभी करून वरून आत डोकवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "दहा." पाण्यातलं नायट्रेट दहा. माशांनी खाल्लेलं, न खाल्लेलं, त्यांची घाण, कुजका कचरा, या सगळ्याचं शेवटी जे होतं ते नायट्रेट. प्रवाळांच्या टाकीत ते दहाच्या आसपास असलं की मालकाने निवांत पेपर वाचावा. दहाचा रंग पातळ चहासारखा. तो त्याला इतका पाठ होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आला असता. आणि आज त्याच फरशीवर, त्याच नळीत, खालच्या कॉफीच्या दुकानात मिळतं तसलं गुलाबाचं सरबत उभं होतं, तेही दूध घालण्याआधीचं.

तियोंगने उजवा डोळा मिटला. चहा. तो उघडून डावा मिटला. सरबत. दोन-तीन वेळा त्याने हा खेळ केला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता, डाव्याची पाळी पुढच्या महिन्यात होती. नव्या भिंगातून सुरुवातीला सगळं निळसर दिसेल, मग सवय होईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि ते दिसतही होतं. इतकी वर्षं क्रीम रंगाचा समजून वापरलेला टॉवेल पांढराशुभ्र निघाला होता. बायकोचे केस तपकिरी राहिलेत याचं त्याला मनातून कौतुक होतं, ते कधीचे पांढरे झाले होते. या सगळ्याचा त्याने एकच अर्थ लावला: भिंग नवं आहे, कारखान्यातून आलेलं आहे, त्याला अजून रंगांची अक्कल यायची आहे. ज्या डोळ्याने चाळीस वर्षं शाई जुळवली तो डावा डोळा एकीकडे आणि आठवड्याचं पोर दुसरीकडे, यांत कुणाचं ऐकायचं हा प्रश्नच नव्हता. तरीही त्याने पेपर उघडला नाही. चपला घातल्या, बसने जाऊन माशांच्या दुकानातून तपासणीचा नवा संच आणला आणि आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, परत नळी भरली.

नव्या संचात रंगांचं कार्ड होतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर गुलाबी रंगाचे चौकोन, फिक्यापासून गडदापर्यंत, खाली आकडे. असलं कार्ड तियोंगने पहिल्या वर्षीच केराच्या टोपलीत टाकलं होतं. त्याची पद्धतच ती होती. छापखान्यात तो शाई जुळवणारा माणूस होता; बिस्किटांचे डबे, सोया सॉसची लेबलं, शरदातल्या सणाच्या मिठाईचे खोके, सगळ्यांचे रंग त्याच्या हातातून जायचे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं, म्हणायचं हाच लाल हवा. तियोंग तुकडा उजेडात एकदा धरायचा, खिशात टाकायचा आणि मग पुन्हा खिशाला हात लावायचा नाही. पाटीवर शाई पसरायची, सुरीने घोटायची, पिवळ्याचा एक ठिपका, काळ्याची एक शंका, आणि संपलं की तुकडा काढून शेजारी ठेवायचा. जुळलेला असायचा. रंग मोजणारं जर्मन यंत्र आलं तेव्हा मालकाने गंमत म्हणून दोघांची शर्यत लावली होती आणि यंत्राने तासाभराने जो आकडा दाखवला तो तियोंगच्या पाटीवर आधीच वाळत होता. वारंवार नमुन्याकडे बघणारा माणूस त्याला कच्चा वाटायचा. रंग एकदा डोक्यात गेला की गेला, असं तो शिकाऊ लोकांना सांगायचा, आणि डोक्यातल्या रंगाला कधी ऊन लागत नाही, असंही वर म्हणायचा.

आता त्याने नळी कार्डावर ठेवली. उजव्या डोळ्याने बघितलं तर ती पन्नास आणि शंभर यांच्या मध्ये कुठेतरी होती, शंभराच्या जवळ. मग त्याने उजवा मिटला आणि डाव्याने कार्ड बघितलं. डाव्या डोळ्याला दहा, पंचवीस, पन्नास आणि शंभर हे चार चौकोन एकाच चहाचे चार कप दिसत होते. डावा डोळा खोटं बोलत नव्हता. त्याला फरकच कळत नव्हता, आणि उजव्याचीही आठवड्यापूर्वी तीच अवस्था असणार. रंग डोक्यात जसाच्या तसा राहिला होता असं नाही, डोळ्याबरोबर तोही हळूहळू पिवळा पडत गेला होता, दोघे हातात हात घालून, कुणालाही न कळता. तियोंग खुर्चीत बसला. ही वेताची खुर्ची टाकीसमोर कायमची ठेवलेली होती. त्याने टाकीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, कारण तिथे काय दिसणार हे त्याला कळून चुकलं होतं आणि आणखी मिनिटभर ते न बघता राहावं असं वाटत होतं.

मग त्याने बघितलं. टाकीच्या मधोमध थोरली होती. शिंगांसारख्या फांद्यांचं ते प्रवाळ टाकी सुरू केली त्या वर्षी अंगठ्याएवढं आणलं होतं, आता ते दोन्ही हातांच्या ओंजळीत मावलं नसतं. टाकीतलं सगळ्यात जुनं म्हणून ती थोरली. तिचा रंग जांभळा, आणि फांद्यांची टोकं त्याहून फिकी, पहाटेच्या आभाळासारखी. निदान सगळ्यांना तो असंच सांगायचा. खाऱ्या पाण्याच्या टाक्या बाळगणाऱ्यांचं त्यांचं एक मंडळ होतं, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी थोरलीच्या फांदीचा तुकडा वाढत होता. अलीकडे ती त्याला जरा सोनेरी वाटायची. वयाने येतं तसं तेज, असं तो समजत होता. उजव्या डोळ्याला ती मातकट दिसली. नायट्रेट माजलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं बारीक शेवाळ माजतं आणि मूळ रंग झाकून टाकतं, हे त्यानेच मंडळातल्या लोकांना शिकवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे थोरलीच्या बुडाशी बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा होता. तिथे मांस उरलं नव्हतं, नुसतं हाड होतं. ती खालून वर मरत येत होती.

बायको ग्योक चू स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. तिला त्याने हाक मारून टाकीसमोर उभं केलं आणि थोरलीचा रंग विचारला. तिने पदरी पडलेल्या प्रश्नाकडे बघावं तसं टाकीकडे बघितलं.

"खाकी," ती म्हणाली.

"किती दिवस खाकी?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

"आणि तू एकदाही बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुला तशीच आवडते," ग्योक चू म्हणाली. "तूच नाही का म्हणालास, माझा डोळा रंगाचा नाही? पडद्यांच्या वेळी. मग मी कशाला तोंड घालू?" आणि ती भाजीकडे परत गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कसलाच हिशोब चुकता करण्याचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच ते तियोंगला जास्त लागलं. पडद्यांची वेळ कोणती हे त्याला आठवेना. असं तो म्हणाला असणार यात मात्र त्याला शंका वाटली नाही. त्याने घरातल्या प्रत्येक रंगाबद्दल काही ना काही म्हटलेलं होतं.

दुपारी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांपिनीसला, हमदानकडे गेला. हमदान शाळेत भूगोल शिकवायचा, मंडळातला सगळ्यात जुना माणूस, आणि थोरलीचा पहिला तुकडा त्याच्याकडे गेला होता. बसमध्ये तियोंग डोळे आळीपाळीने मिटत होता. समोरच्या शाळकरी मुलीला वाटलं म्हातारा आपल्याला डोळा मारतोय, ती उठून मागे जाऊन बसली. बाहेर झाडं होती आणि ती हिरवी होती, अतोनात हिरवी, कुणीतरी रात्रीत फिरून प्रत्येक पान पुसून ठेवल्यासारखी. इतकी वर्षं आपण पाकातून जग बघत होतो आणि पाकाच्या चवीची आपल्याला सवय झाली होती. बरं, त्याला आनंद होत होता का? होत होता. हे त्याला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं, की पोटात भीती बसलेली असतानाही डोळा आपला अधाशासारखा हिरवं खात सुटला होता. अधाशीपणा त्याच्या डोळ्यात पहिल्यापासून होता. लग्नाआधी ग्योक चूला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याला तिच्या चेहऱ्याआधी तिच्या ब्लाऊजचा निळा आठवणीत राहिला होता, आणि दुसऱ्या भेटीत तिने दुसरा ब्लाऊज घातल्यावर क्षणभर त्याने तिला ओळखलंच नव्हतं.

हमदानच्या घरी थोरलीची लेक जांभळी होती. टोकं पहाटेच्या आभाळासारखी. तियोंगने ती पूर्वीही इथे बघितली होती आणि हमदान दिवे फार प्रखर लावतो म्हणून त्याला सुनावलंही होतं. आता तो टाकीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. हमदानच्या बायकोने चहा आणि कुए, म्हणजे पांदानच्या पानांनी हिरव्या केलेल्या गोड वड्या, आणून ठेवल्या. ती आत गेल्यावर त्याने सरळ विचारलं, की माझ्याकडची थोरली खराब झाली आहे हे तुम्हा लोकांना केव्हापासून माहीत आहे? हमदानने कुएची बशी त्याच्याकडे सरकवली. तियोंगने ती परत सरकवली. बशी दोनदा इकडून तिकडे गेली.

"सिफू," हमदान शेवटी म्हणाला. मंडळात सगळे त्याला सिफूच म्हणायचे, हात धरून शिकवणाऱ्या गुरूला म्हणतात तसं. "तुम्हाला कोण सांगणार होतं? तुम्ही नळी बघून दहा म्हणायचात. आम्ही घरी येऊन आमच्या संचात तेच पाणी तपासायचो. आपला लॉरेन्स खिशातल्या बाटलीत भरून घेऊन यायचा."

"चोरून?"

"मग काय मागून? तुम्ही दिलं असतं?"

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं, आणि ते तियोंगला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त निघालं. दर महिन्याला मंडळातली माणसं त्याच्याकडे यायची. सिफू, पाणी कसं बदलायचं ते दाखवा, असं म्हणायची. तियोंग वेताच्या खुर्चीत बसून सूचना द्यायचा आणि ती राबायची, नळ्या लावायची, घाण पाणी उपसायची, लॉरीवाल्याकडून आणलेलं समुद्राचं ताजं पाणी ओतायची. तो सांगायचा दोन बादल्या. ती चार बदलायची. जास्तीच्या बादल्या आधीच आणून जिन्यात ठेवलेल्या असायच्या आणि तो चहा सांगायला आत गेला की पटकन आत यायच्या. वाळूतला गाळ कुणीतरी शिकण्याच्या निमित्ताने ओढून काढायचं. खालच्या टाकीतले स्पंज कुणीतरी 'बघू हं सिफू, हे कसं बसवलंय' म्हणून बाहेर काढायचं आणि मोरीत पिळून आणायचं. कित्येक वर्षं सहा बाप्ये त्याच्या घरात येऊन त्याची टाकी जगवत होते आणि जाताना शिकवल्याबद्दल त्याचे आभार मानत होते. गेल्या वर्षी कुणाची बदली झाली, कुणी सरहद्दीपलीकडे जोहोरला राहायला गेलं, कुणाला नातवंडं झाली, आणि दर महिन्याचं येणं वर्षातून दोनदावर आलं. त्याच सुमाराला नायट्रेट पार हाताबाहेर गेलं असणार, हमदान म्हणाला, आणि त्याने शरमून मान खाली घातली, जशी काही चूक त्याची होती.

तियोंगचे कान तापले. आपल्याला मूर्ख बनवलं असं म्हणावं तर या माणसांनी पाठ मोडेस्तोवर पाणी वाहिलं होतं, तेही नवव्या मजल्यावर, शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून लिफ्ट पुसत. आपल्यावर प्रेम केलं म्हणावं तर ते प्रेम अशा जातीचं होतं, की त्यात थोरली बुडापासून मरत आली तरी कुणाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. भिडेची किंमत शेवटी त्या मुक्या जिवाने दिली होती. आणि मग त्याला छापखान्यातली शेवटची वर्षं आठवली. त्याच्या हाताखालचा परेरा रोज सगळे गेल्यावर मागे थांबायचा, सुऱ्या धुवायच्या आहेत म्हणून. सुऱ्या धुवायला किती वेळ लागतो? तियोंग जिन्यापर्यंत पोचलेला असायचा आणि शाईखान्यात दिवा चालू असायचा. मिठाईच्या खोक्यांचा सोनेरी रंग जुळला नाही म्हणून गिऱ्हाईकाने एकदा माल परत पाठवला होता, एकदाच, परेरा आजारी होता त्या आठवड्यात. हे सगळं एका दमात त्याच्या डोक्यातून गेलं आणि त्याने त्या आठवणीवर दार लावून घेतलं. परेराला फोन करता आला असता. पण ती शाई वाळून खोकी कधीच केरात गेली होती, आणि टाकी अजून ओली होती.

"यापुढे मला तोंडावर सांगशील?" त्याने उठताना विचारलं.

"सांगेन, सिफू."

"शब्द?"

"शब्द," हमदान म्हणाला, आणि तियोंगला माहीत आहे हे बाकीच्यांना कळू द्यायचं नाही असंही ठरलं.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा लॉरीवाल्याला फोन लावला. डोक्यात एकच होतं, अख्खी टाकी रिकामी करून नव्या पाण्याने भरायची, आज, आत्ता, की उद्या सकाळी नळीत दहा यावेत, खरे दहा. फोन वाजत होता तेवढ्यात त्यानेच तो बंद केला. हे तो हमदानला शंभर वेळा ओरडून सांगत आला होता: जनावर घाणीत वाढलं असेल तर घाण एकदम काढून घेऊ नये. पाणी एका दिवसात बदललं तर प्रवाळ बसल्या जागी अंगावरचं सगळं मांस टाकून देतं. शिवाय शाईवाल्याचं ज्ञान होतंच. पाटीवर काळं जास्त पडलं तर ते परत उचलता येत नाही, पांढरं ओतत बसावं लागतं, आणि एका ठिपक्यासाठी डबाभर पांढरं वाया जातं. शहाणा माणूस आधी काळं कुठून पडतंय ते बघतो. हे सगळं त्याला आपोआप आठवलं, कुणी न सांगता, आणि त्याची छाती परत भरून आली. डोळा गेला होता, पण हे सगळं डोळ्यात नव्हतंच. त्याने बाह्या वर केल्या.

पुढचे आठवडे तो टाकीपुढे गुडघ्यांवर होता. खालच्या टाकीतून स्पंज काढले तर ते वीट होऊन बसले होते. बादलीत पिळल्यावर जे निघालं त्याचा वास ग्योक चूला शेजारच्या खोलीत गेला आणि तिने काही न बोलता अगरबत्ती लावली. गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या तो माशांना घालायचा, वितळलेल्या पाण्यासकट. ते पाणी म्हणजे नुसता रस, सडायला तयार. आता तो वडी गाळणीत धुवायला लागला आणि खाणं निम्म्यावर आणलं. मासे काचेशी येऊन त्याच्याकडे बघत राहायचे. पोट भरलेलं असूनही ताट पुढे करणाऱ्या जातीत जन्मलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं, तरी त्याने मन घट्ट केलं. खालच्या टाकीत एक वेगळा दिवा लावून त्याने तारेच्या घासणीसारखं हिरवं शेवाळ वाढवलं. ते नायट्रेट खातं आणि वाढलं की मूठभर उपटून फेकायचं, म्हणजे तेवढं नायट्रेट घराबाहेर गेलं. पाणी तो थोडं थोडं बदलत होता, टाकीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त कधीच नाही. पहिल्या खेपेला आकडा उतरला आणि तीन दिवसांत जिथल्या तिथे परत चढला. दगड आणि वाळू, इतकी वर्षं जे पोटात घेऊन बसले होते ते आता सोडत होते. तियोंगला तो अपमान वाटला. मग हसूही आलं. दगडसुद्धा भिडेखातर गप्प बसले होते तर.

कार्ड आता कायम फरशीवर असायचं. नळी तो कार्डाला लावून बघायचा, परत परत, कच्च्या माणसासारखा. एका बुधवारी नळी पन्नासच्या चौकोनात अशी बसली की कड कुठली ते कळेना. थोरलीच्या बुडाचा पांढरा पट्टा वर सरकायचा थांबला होता; त्याने काचेवर पेन्सिलीने खूण केली होती, ती ओलांडली गेली नव्हती. रंग परत यायला महिने लागणार होते, कदाचित यायचाही नाही. पण ती थांबली होती. ग्योक चूला त्याने बोलावून खूण दाखवली. तिने चष्मा लावून बघितलं, बरं झालं म्हणाली, आणि मग जाता जाता म्हणाली की दिवे जरा जास्तच निळे आहेत, डोळ्यांना त्रास होतो. तियोंग उत्तर देणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याने दिव्याची कळ फिरवली.

वर्षातून दोनदा यायच्या त्या रविवारी मंडळ आलं. लॉरेन्सने तांदळाच्या वाफवलेल्या वड्या आणल्या होत्या, वर तिखट मुळ्याचा चुरा. जोहोरहून एकजण आला होता. सगळे जमिनीवर बसले, पिंप-बादल्यांची रांग लागली, आणि तियोंगला आता माहीत असल्यामुळे जिन्यातला बादल्यांचा आवाजही ऐकू आला. सिफू, पाणी बदलायचं दाखवा, असं लॉरेन्स म्हणाला. तियोंग वेताच्या खुर्चीत बसला. त्याने नळी भरली, थेंब टाकले, हलवली, फरशीवर ठेवली. कार्ड त्याने आधीच खिशात घातलं होतं. मग डोळ्याला खाज आल्यासारखा उजवा हात डोळ्यावर धरून तो नळीवर वाकला. ऑपरेशन अजून न झालेल्या डाव्या डोळ्याला चहा दिसला, जुना, ओळखीचा, आणि त्याला त्याची माया आली.

"दहा," तो म्हणाला.

माना हलल्या. वा, सिफू, लॉरेन्स म्हणाला. जोहोरवाल्याने हसून अंगठा दाखवला. तियोंगने हात काढला आणि दोन्ही डोळ्यांनी हमदानकडे बघितलं. नळी सगळ्यांसमोर होती, लाल, कुणालाही दिसेल अशी. हमदानने नळीकडे बघितलं, तियोंगकडे बघितलं, भोवतालच्या माणसांकडे बघितलं.

"हो, सिफू," तो म्हणाला. "दहा."

तियोंगला तोंडात मारल्यासारखं झालं. शब्द दिला होता या माणसाने. पण हमदानच्या कपाळावर घाम आला होता, पंखा चालू असताना, आणि तियोंगला नव्या डोळ्याने तो लख्ख दिसला. हा लबाड नव्हता. त्याच्याच्याने होत नव्हतं. जोवर मी या खुर्चीत आहे आणि ते जमिनीवर आहेत तोवर यांच्यातला एकही माणूस पन्नास म्हणू शकणार नाही, नळीतून रक्त आलं तरी. थोरली मेली तरी ते फुलं घेऊन येतील आणि किती सुंदर जांभळी आहे म्हणतील. डोळा डॉक्टरीणबाईंनी बदलून दिला होता. हे मात्र त्यालाच करायला लागणार होतं.

तो उठला. हमदानला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. हमदान अर्धा उठायला लागला तसं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याने त्याला परत बसवलं, त्याच्या एका हातात नळी दिली, खिशातलं कार्ड काढून दुसऱ्या हातात दिलं. स्वतः तो टाकीशी जमिनीवर बसला, मोठी रबरी नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडाने ओढून पाणी चालू केलं आणि ते बादलीवर धरलं. जिभेवर खारट चव आली. लॉरेन्स वडी हातात धरून तसाच बसला होता.

"आता तू सांग," तियोंग पाठमोराच म्हणाला. "मी करतो."

बादली पाऊण भरली.

"पन्नास," हमदान म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याने खाकरून परत म्हटलं. "पन्नास आहे. दहा नाही." आणि मग खुर्चीतून खालचं सगळं नीट दिसत असल्यामुळे, काही विचार न करता, त्याच्या तोंडून पुढचं निघून गेलं. "आणि नळीचं टोक आत धरा, सिफू. पाणी बाहेर सांडतंय. चांगल्या फरशीवर."

तियोंगला राग आला. चांगलाच आला, मानेपर्यंत चढला, पाणी सांडत नव्हतं, आणि असतं तरी आयुष्यात कुणी त्याला बादली कशी धरायची ते सांगितलं नव्हतं. त्याने खाली बघितलं. सांडत होतं. त्याने टोक आत धरलं.